पायरी तिसरी : दोन थेंब तेल

जिजा मदनेच्या डाव्या कानामागे सुपारीपेक्षा मोठी, लाल आणि तकतकीत सूज आली होती. त्या सुजेने कान पुढे आणि खाली ढकलला होता. इतका, की समोरून पाहताना वीस महिन्यांच्या त्या मुलीचे दोन कान दोन वेगळ्या माणसांचे वाटत होते. ताप एकशे तीन होता. आणि ‘कर्णमित्र’ यंत्राच्या काचेवर हिरवा दिवा लागला होता. त्याखाली शासकीय मराठीत लिहिले होते : ‘पडदा निरोगी. औषधाची आवश्यकता नाही. पालकांनी निश्चिंत राहावे.’

“निश्चिंत ऱ्हावा म्हणतंय,” समृद्धी मदने म्हणाली. ती जिजाची आई. चोविशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. “तिसऱ्यांदा म्हणतंय. बुधवारी म्हणालं, शुक्रवारी म्हणालं, आज सोमवार. मॅडम, ह्या यंत्राला एक रात माझ्या घरी पाठवा. मग बघू किती निश्चिंत ऱ्हातंय ते.”

डॉ. शलाका बर्गे हसली नाही. मोरजाईवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होऊन तिला पाच आठवडे झाले होते आणि जिजाला ती पहिल्यांदाच पाहत होती. त्यात नवल नव्हते. हिरव्या दिव्याची मुले डॉक्टरांपर्यंत येतच नसत. आरोग्यसेविका तपासणी करी, यंत्र निकाल देई, वेदनाशामक औषधाची बाटली घेऊन मूल घरी जाई. आज वायदंडे सिस्टर जिजाला स्वतः कडेवर घेऊन आत आल्या होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या होत्या.

शलाकाने सुजेवर बोट टेकवले. जिजा किंचाळली नाही, नुसती कण्हली. आणि ते कण्हणे किंचाळण्यापेक्षा वाईट होते.

कानामागचे हाड, म्हणजे मॅस्टॉइड, भरीव नसते. मधाच्या पोळ्यासारखे ते आतून पोकळ असते आणि त्या पोकळ्या कानाच्या मधल्या भागाला जोडलेल्या असतात. मधल्या कानात साचलेला पू बाहेर निघाला नाही, की तो या पोळ्यात शिरतो आणि हाड कुरतडू लागतो. पलीकडे मेंदूचे आवरण असते. मध्ये काही मिलिमीटर हाड, तेही लहान मुलाचे. जिजाला आज, आत्ता शिरेतून अँटिबायोटिक आणि दुपारपर्यंत जिल्हा रुग्णालयातले शस्त्रक्रियागृह हवे होते. याला यंत्राची गरज नव्हती; हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सांगितले असते.

पण औषधाचे कपाट यंत्राला जोडलेले होते. लाल दिवा लागला की संकेतांक येई, संकेतांक दिला की कपाट उघडे आणि रुग्णवाहिकेची नोंद होई. प्रतिजैविक संयम कायद्यानंतर सहा वर्षांखालील मुलाच्या कानासाठी राज्यात दुसरी वाट उरली नव्हती. तालुक्याच्या खासगी दवाखान्यांनाही हाच नियम होता. सुरुवातीला डॉक्टरांना यंत्राचा निकाल फिरवण्याचा अधिकार होता. त्यांनी तो दहापैकी आठ वेळा वापरला, म्हणून तो काढून घेतला गेला. तो काढून घ्यावा, असे मत देणाऱ्या समितीत शलाका होती.

आणि ते मत मूर्खपणाचे नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. लहान मुलाचा घसा आणि कान यांना जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की ती तुंबते, पडद्यामागे पाणी साचते, कधी त्याचा पू होतो, मूल रात्रभर रडते. यातली बहुसंख्य मुले दोन-तीन दिवसांत आपोआप बरी होतात. डॉक्टर मात्र वर्षानुवर्षे रडणाऱ्या प्रत्येक मुलाला अँटिबायोटिक देत आले. कारण रडणारे मूल आणि त्याची आई समोरून हलावी, याचा तोच सर्वांत सोपा उपाय होता. परिणामी ती औषधे न्यूमोनियावरही चालेनाशी झाली. कोणाला औषध हवे आणि कोणाला नको, हे पडदा पाहून निःपक्षपातीपणे सांगणारे यंत्र असावे, ही कल्पना उत्तम होती. उत्तम कल्पनांचे पुढे काय होते, हा वेगळा विषय.

“जुना ऑटोस्कोप आहे का इथे?” शलाकाने विचारले. “हाताने धरून कानात बघायचा. बॅटरीचा.”

“भांडारात असंल,” वायदंडे सिस्टर म्हणाल्या. “निर्लेखनाच्या, म्हंजे बाद सामानाच्या खोक्यात.”

तो सापडला. त्यातली बॅटरी फुगून फुटली होती आणि तिच्यातून हिरवट पेस्ट बाहेर आली होती. शलाकाने ती खरवडून काढली, भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी आत बसवली आणि जिजाच्या कानाशी वाकली. तिला पहिल्यांदा वास आला. गोडसर, कुजका, आणि त्यावर लसणाचा.

“कानात तेल कधी घातलं?”

“सकाळी घरी घाटलं. आत्याबाईंनी लसूण कढवून दिला. मग हितं सिस्टरनी घाटलं.” समृद्धीने आश्चर्याने तिच्याकडे पाहिले. “बुधवारी पन तसंच, शुक्रवारी पन तसंच. तुमचं बिनवासाचं, आमचं लसणाचं. ह्यो एवढाच फरक. का, चुकलं का काय?”

शलाकाने सळईला कापसाची वात गुंडाळली आणि कान टिपायला सुरुवात केली. पहिली वात तपकिरी निघाली, त्वचेचे पांढरे पापुद्रे चिकटलेली. दुसरीवर लसणाचा जळका कण होता. तिसरी नुसती तेलकट आली, चौथी जवळजवळ कोरडी. वाती ट्रेमध्ये ओळीने पडल्या आणि त्यांच्याभोवती तेलाचे डाग पसरत गेले.

मग तिने पाहिले. पडदा पिकलेल्या गळवासारखा बाहेर फुगला होता. कडेने लालभडक, मध्यभागी पिवळट, फुटायला आलेला. निरोगी पडद्याशी त्याचे काहीही साम्य नव्हते.

तिने कर्णमित्राचे टोक पुन्हा कानात धरले. लाल दिवा. क्षणभर लाल. मग काच पांढरी झाली आणि अक्षरे उमटली. सिस्टरांनी ती मोठ्याने वाचली, कारण शलाकाची नजर अजून कानावरच होती : “तपासणी अवैध. पायरी तीन पूर्ण केलेली नाही. कृपया कानात दोन थेंब तेल घालून पुन्हा तपासावे.”

“तेल?” समृद्धी म्हणाली. “आत्ताच तर फुसलं!”

तेलाचा डाग पडलेला कागद कोणी उजेडात धरून पाहिला असेल, तर पुढचे समजायला शास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. कागद पांढरा दिसतो, कारण त्याच्या धाग्यांमधल्या हवेवर प्रकाश आपटून चहूकडे विखुरतो. तेल त्या फटी भरून काढते, विखुरणे थांबते, कागद आरपार दिसू लागतो. रोगट पडद्याचेही तसेच. सुजलेला, साल सुटलेला, खरबरीत पडदा प्रकाश विखुरतो, म्हणून तो निस्तेज आणि गढूळ दिसतो. त्यावर तेलाचा पातळ थर बसला, की खरबरीतपणा झाकला जातो, पडदा नितळ भासतो आणि खाली-पुढे एक टोकदार प्रकाशाचा कवडसा चमकू लागतो. नेमका हाच कवडसा निरोगी कानाची खूण म्हणून यंत्राला शिकवला होता. शिकवताना वापरलेली लाखभर छायाचित्रे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतली होती. पुसलेल्या, कोरड्या कानांची. यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत हवेचा हलका झोत सोडून पडदा हलतो का, हेही पाहिले जाई आणि पू भरलेला पडदा हलत नसल्याने ही फसगत तिथे उघडी पडली असती. पण झोताने मुले रडत, वेळ लागे, म्हणून दुसऱ्या आवृत्तीतून झोत काढला.

आणि कान दुखू लागला की घरोघरी पहिले काय घातले जाते? म्हणजे यंत्र सरसकट चुकत नव्हते. ज्या मुलांचा कान खरोखर दुखत होता, नेमके त्यांच्याच बाबतीत चुकत होते. एवढ्यावर भागले असते, तरी ती अडाणी लोकांची चूक म्हणून खपली असती. पण तेल सरकारही घालत होते.

भिंतीवर फलक होता. पायरी पहिली, हात धुवावे. पायरी दुसरी, बाळाला मांडीवर घ्यावे. पायरी तिसरी, ‘कानात निर्जंतुक तेलाचे दोन थेंब घालावे. तेल पारदर्शक असल्याने पुसू नये.’ सर्वांत खाली बारीक अक्षरात : ‘आधार : बर्गे व देवस्थळी.’

बर्गे म्हणजे शलाकाच.

सात वर्षांपूर्वी, पुण्यात, ती डॉ. रमाकांत देवस्थळींची संशोधन-विद्यार्थिनी होती. कर्णमित्राच्या क्षेत्रीय चाचणीत दहापैकी तीन छायाचित्रे वाळलेल्या मळामुळे अस्पष्ट येत होती आणि सगळा प्रकल्प गुंडाळायची वेळ आली होती. तेलाची युक्ती तिला सुचली. अस्पष्ट छायाचित्रांचे प्रमाण शेकडा तिसावरून चारवर आले. देवस्थळींनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. तेल नंतर पुसावे का, असा प्रश्न एका परीक्षकाने लेखी विचारला होता. त्याला शलाकाने एका वाक्यात उत्तर दिले होते : तेल पारदर्शक असल्याने पुसण्याची गरज नाही. ते वाक्य तिने तपासले नव्हते. ते इतके उघड वाटत होते की तपासण्याची कल्पनाही तिच्या मनाला शिवली नव्हती. त्याच सुमारास लाल दिव्यांचे प्रमाणही निम्म्याने घटले होते. ते ऋतू बदलल्यामुळे, असे दोघांनी ठरवले.

तिने देवस्थळींना फोन लावला. ते आता राज्याच्या संयम कार्यक्रमाचे संचालक होते. अवैध तपासणी वैध करण्याचा अधिकार असलेले एकमेव.

“बोल शलाका,” पलीकडून आवाज आला. प्रेमळ, सानुनासिक, नेहमीसारखा. “रमलीस का खेड्यात? मी म्हटलं होतं, दोन महिन्यांत पळून येशील.”

“सर, वीस महिन्यांची मुलगी आहे. डावीकडे मॅस्टॉइड सुजलंय, कान पुढे आलाय, ताप एकशे तीन. तीनदा हिरवा दिवा आलाय.”

“अरे अरे. मग कान पुसून पाहिलास ना? लाल आला असेल.”

तेलाविषयी शलाकाने अजून एक अक्षरही उच्चारले नव्हते.

“तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“तेलाचं. तुम्हाला माहीत आहे, सर.”

“हे बघ.” आवाज तसाच प्रेमळ राहिला. “शंभर कान दुखले तर ऐंशी आपोआप बरे होतात. हे तुला मी शिकवलंय. त्या ऐंशींना आपण फुकटची औषधं दिली नाहीत. राज्यातला अँटिबायोटिकचा वापर निम्म्यावर आला, बाहेरचे लोक शिकायला येतात आपल्याकडे. आता ही एक पायरी हलवायची म्हणजे सगळं मुळापासून तपासायचं. कोण तपासणार? आणि तोपर्यंत काय, पुन्हा ज्याला त्याला औषध?”

“आणि उरलेले वीस?”

“त्यांच्यासाठी खिडकी ठेवलेली आहे ना. नमुना सात. ‘असामान्य कर्णरचनेमुळे यंत्र-तपासणी अयोग्य.’ तू सही कर, मी दोन मिनिटांत मंजूर करतो. कपाट उघडेल, गाडी येईल.”

“सर, हिची कर्णरचना अगदी सामान्य आहे.”

“तुला मुलगी वाचवायची आहे की वाक्य?”

“फलकावरचं वाक्य माझंच आहे, सर. तेच चुकलंय.”

“आपलं आहे,” देवस्थळी म्हणाले. “फलकावर दोघांची नावं आहेत. म्हणून तर सांगतोय. आणि एक लक्षात ठेव, नमुना मागे घेतला की मंजुरीही आपोआप रद्द होते. पुढचे डोस, शस्त्रक्रिया, सगळं थांबतं. तेव्हा सही करणार असशील तर नीट कर.”

जिजा आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. तिचे ओठ सुकले होते. शलाकाने नमुना सात उघडला. त्यात लिहायला जागाच नव्हती, फक्त निवडायची होती आणि निवडायला एकच पर्याय होता. तिने अंगठा टेकवला. अंगठा तेलकट असल्याने पहिल्या खेपेला तो यंत्राला ओळखू आला नाही. तिने तो अॅप्रनला पुसला आणि पुन्हा टेकवला.

दीड मिनिटात कपाट खट्‌कन उघडले. वायदंडे सिस्टरांनी पहिल्याच प्रयत्नात शीर धरली. औषध जाऊ लागले तशी समृद्धी यंत्राच्या काचेवर ओणवी झाली. तिला वाचता येत होते, हे शलाकाच्या लक्षात राहिले नव्हते.

“असामान्य म्हंजे?” तिने विचारले. “माज्या पोरीत खोट हाय?”

“नाही.”

“हितं तिचं नाव हाय. म्होरं ‘असामान्य’ लिवलंय. खाली तुमचं नाव.”

“खोट तिच्यात नाही, समृद्धी.”

“मग लिवलं कशापायी?”

शलाकाने सलाईनचा वेग पाहण्याचे निमित्त केले. तो बरोबरच होता. काही मिनिटांनी रुग्णवाहिका आली आणि समृद्धी प्रश्न तसाच टाकून मुलीला घेऊन चढली. दार लागताना ती शलाकाकडे पाहत होती. रागाने नव्हे, दुकानदाराने वजनात काटा मारला की माणूस ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने.

गाडी फाटकातून बाहेर पडल्यावर वायदंडे सिस्टरांनी ट्रेमधल्या वाती पिवळ्या पिशवीत टाकल्या. मग पाठमोऱ्या उभ्या राहूनच म्हणाल्या, “मॅडम, सही करायला नको हुती.”

“दुसरा मार्ग नव्हता.”

“हुता.” त्यांनी टेबलावरची तेलाची बाटली उचलली आणि यंत्राच्या डोळ्यासमोर धरली. बीप आवाज झाला. काचेवर अक्षरे उमटली : पायरी तीन पूर्ण. “बाटली नुसती दाखवायची. घालायची न्हाय. मग कान फुसून बघायचा. जे खरं असंल ते येतंय.”

शलाकाने बाटली स्वतःच्या हातात घेतली. “हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“वरीस-दीड वरीस. आमच्या सगळ्याच सिस्टरना. बाटली डॉक्टरांच्या हाताला लागत न्हाय, म्हणून डॉक्टरांना ठाव न्हाय.”

“आणि तुम्ही सगळ्या मुलांचं असं करता?”

सिस्टर आता वळल्या. पन्नाशीच्या, रुंद हाडांच्या, कधी नजर न चुकवणाऱ्या बाई. त्यांनी आज नजर चुकवली.

“आमच्या घरच्यांचं करतो. माझ्या नातवाचं केलं. शिपाईमामाच्या पोरीचं केलं. सरपंचांकडनं फोन आला की करतो. सगळ्यांचं केलं तर लाल लई वाढत्यात, मग वरनं कारणे दाखवा नोटीस येती, तपासनीस येतो. दोन सिस्टरच्या बदल्या गडचिरोलीला झाल्या.”

“आणि जिजा? बुधवारी, शुक्रवारी?”

“शुक्रवारी वास आला हुता मला,” सिस्टर म्हणाल्या. “हात गेला हुता कापसाकडं. पन त्या महिन्याला खपतील तेवढे लाल आधीच झाले हुते.”

“मला तरी सांगायचं!” शलाकाचा आवाज चढला. “पाच आठवडे मी इथे बसलेय. आत्ता, ह्या खोलीत, मी फोनवर बोलत असताना तरी सांगायचं!”

“तुमाला?” सिस्टरांनी फलकाकडे बोट केले. त्यांच्या चेहऱ्यावर खरेखुरे आश्चर्य होते. “मॅडम, खाली तुमचंच नाव हाय. आमी तर समजून चाललो, सरकारला औषध कमी वापरायचंय म्हणून मुद्दाम तेल घालाय लावलंय. ज्यांनी लावलं त्यांनाच सांगायचं, का, तुमचं तेल आमी घालत न्हाय म्हणून?”

शलाका बाहेरच्या मोरीपाशी गेली आणि तिने हात धुतले. तेल साबणाने लवकर सुटत नाही. तिने ते तीनदा धुतले. ट्रेमधल्या वाती ओंगळ होत्या. पण त्या वाती निदान प्रामाणिक होत्या. त्यांच्यावर जे होते ते दिसत होते.

त्या दिवसापासून मोरजाईवाडीत प्रत्येक कान पुसून तपासला जाऊ लागला. बाटली फक्त दाखवली जाई. तीन दिवसांत नऊ लाल दिवे लागले. नोटीस चौथ्या दिवशी आली.

नमुना मात्र तिने मागे घेतला नाही. जिजाच्या हाडातला पू मंगळवारी काढला, तेव्हा शल्यविशारदाने फोनवर सांगितले, की आणखी एक दिवस गेला असता तर बोलण्यासारखे काही उरले नसते. डाव्या कानाचे श्रवण किती उरेल, ते तीन महिन्यांनी कळणार होते. सहा दिवसांचे डोस बाकी होते आणि ते त्या खोट्या कागदावर चालू होते. म्हणून शलाका गप्प बसली. राज्यभर त्या सहा दिवसांत किती कानांत तेल पडत होते, याचा अंदाज बांधणे तिच्यासारख्या व्यक्तीला अवघड नव्हते. तिने तो बांधला आणि तरीही ती गप्प बसली. आपण नेमके कोणासारखे वागत आहोत, हे तिला कळत होते.

शनिवारी देवस्थळींचा ईमेल आला.

‘प्रिय शलाका, मुलगी सुधारते आहे हे कळले, बरे वाटले. तुझा नमुना सात मिळाला, अनुक्रमांक ३४१८. यातून एक सुरेख गोष्ट निघते आहे. राज्यातील सहा वर्षांखालील मुलांत असामान्य कर्णरचनेचे प्रमाण गेल्या तीन वर्षांत चौपट झाले आहे. हे आजवर कोणी नोंदवलेले नाही. प्रदूषण, आहार की आनुवंशिकता, यावर एक निबंध होऊ शकतो. पहिले नाव तुझे टाकू. सगळ्या नोंदी, डॉक्टरांच्या नावांसह व संपर्कासह, सोबत जोडल्या आहेत. तू आकडेवारी छान मांडतेस.’

तिने तो दोनदा वाचला. विनोद नव्हता. देवस्थळींना विनोद करताना तिने कधी पाहिले नव्हते. त्यांनी स्वतः उघडलेल्या खिडकीतून आलेली खोटी प्रमाणपत्रे मोजली होती आणि त्यांतून एक नवा आजार त्यांना सापडला होता.

मग तिने यादी उघडली. तीन हजार चारशे अठरा मुले. तिचे स्वतःचे नाव सर्वांत खाली होते. वरच्या प्रत्येक ओळीत एका डॉक्टरने सुजलेला कान पाहिला होता, पुसला होता, फोन केला होता, अंगठा टेकवला होता आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. त्यांत तिच्या वर्गातले सहा जण होते. एक तर दरवर्षी दिवाळीला फोन करणारी मैत्रीण होती.

सोमवारी दुपारी जिजाचा शेवटचा डोस संपल्याचा निरोप आला. पाचव्या मिनिटाला शलाकाने नमुना मागे घेतला. मग तिने यादीतल्या सगळ्या डॉक्टरांना एकच पत्र पाठवले. त्यात यंत्रात साठलेली जिजाच्या डाव्या कानाची दोन छायाचित्रे होती, सहा मिनिटांच्या अंतराने काढलेली. पहिले तेलासह, दुसरे पुसल्यावर. खाली पाच वाक्ये होती. ‘तिसरी पायरी माझी आहे. ती मी तपासली नव्हती. ती चुकीची आहे. माझे प्रमाणपत्र क्रमांक ३४१८ खोटे होते. तुमचे काय, ते कळवावे.’

ती संतापाच्या तयारीत होती. कोणी तिला खोटे ठरवील, कोणी पुरावा मागेल, कोणी शिव्या देईल. पहिले उत्तर वीस मिनिटांत आले, एका जिल्हा रुग्णालयातून. ‘आदरणीय मॅडम, आपले धाडस कौतुकास्पद आहे. ही बाब आम्हांस पूर्वीपासून ज्ञात आहे. माझीही नऊ प्रमाणपत्रे याच स्वरूपाची आहेत. तथापि माझे नाव कृपया कोठेही येऊ देऊ नये. कळावे, लोभ असावा.’ त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दुसरे उत्तरही तसेच होते. तिसरेही. दिवाळीवाल्या मैत्रिणीने लिहिले होते, ‘शलू, मला दोन मुलं आहेत गं. समजून घे. माझी चार प्रमाणपत्रं आहेत.’ एकाने विचारले होते, की बढतीच्या यादीवर याचा परिणाम होईल का. बुधवारपर्यंत दोनशे सव्वीस उत्तरे आली. सगळ्यांना माहीत होते. सगळ्यांनी कौतुक केले होते. सगळ्यांनी नाव न घेण्याची विनंती केली होती आणि ती विनंती स्वतःच्या नावाने, हुद्द्याने, प्रमाणपत्रांच्या आकड्यासह लेखी केली होती.

तिला पुरावा हवा होता. तो असा, लोभ असावा म्हणत, चालत दारात येईल असे तिला वाटले नव्हते. उच्च न्यायालयाला पाठवायच्या अर्जाला तिने ती सगळी पत्रे जोडायला घेतली. अर्जात मागणी एकच होती : तिसरी पायरी त्याच दिवशी थांबवावी.

वायदंडे सिस्टर बाह्यरुग्ण विभाग आटोपून मदतीला बसल्या. त्यांनी स्वतःचे निवेदन आधीच लिहून दिले होते; नातवाचे, शिपाईमामाच्या मुलीचे, शुक्रवारच्या वासाचे, काही न वगळता. आता त्या पत्रांवर क्रमांक घालत होत्या. मध्येच त्या थांबल्या.

“मॅडम, ही बिचारी हात जोडून सांगत्यात, नाव नको म्हणून. कोर्टात गेलं तर नोकऱ्या जातील की.”

“जातील.”

“खोडू का मग नावं? काळ्या पेननं? मजकूर ऱ्हाईल तसाच.”

शलाकाने मान वर केली नाही. “पहिल्या पानावर पहिलं नाव कुणाचं आहे?”

सिस्टरांनी पान उलटून पाहिले. “तुमचं.”

“दुसरं?”

“देवस्थळी सायबांचं.” त्यांचे बोट खालच्या ओळीवर सरकले. “तिसरं माजं.”

“ती तीन खोडायची असतील, तर बाकीचीही खोडा.”

सिस्टरांनी काळ्या पेनाला टोपण लावले, निळे उचलले आणि पुढच्या पत्रावर क्रमांक घातला.